तिकीटखिडकी कुणाच्या हातात? छोट्या कुस्ती कंपन्या आणि इंटरनेटवरचे थेट खेळ

आजचा विषय अमेरिकेतला आहे आणि इतिहासाच्या हिशेबाने अगदी अलीकडचा आहे. साधारण २००९ ते २०२२ या काळात तिथल्या छोट्या, स्वतंत्र कुस्ती कंपन्यांनी आपले खेळ इंटरनेटवर थेट दाखवले आणि घरी बसलेल्या प्रेक्षकाकडून एकेका रात्रीचे पैसे घेतले. तिकडे याला ‘इंटरनेट पे-पर-व्ह्यू’ म्हणतात. आपण बोलण्याच्या सोयीसाठी त्याला ‘तारेवरचं तिकीट’ म्हणू, आणि सभागृहाच्या दारात फाडून मिळतं त्याला ‘दारावरचं तिकीट’. या दोन तिकिटांचं एकमेकांशी काय नातं राहिलं, हे आज आपल्याला पाहायचं आहे.

आधी एक खुलासा. कुस्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाल माती येते, शाहू महाराजांनी बांधलेलं कोल्हापूरचं खासबाग मैदान येतं. आजची कुस्ती ती नव्हे. ही दोरांच्या चौकोनी रिंगमधली. निकाल आधी ठरलेला असतो, पण लाकडी फळ्यांवर पाठ आपटते ती खरीच असते. ही जातकुळी आपल्याला अगदीच परकी आहे असंही नाही. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या लढती व्हायच्या, त्या पाहायला आपल्या आधीच्या पिढीने गर्दी केली आणि त्याला ‘फ्रीस्टाइल’ असं नाव दिलं. २०११ च्या डिसेंबरात एका अमेरिकन कंपनीने पुण्यात बालेवाडीला ‘रिंग का किंग’ या हिंदी मालिकेचं चित्रीकरण केलं, तेही याच प्रकारातलं.

आता ‘स्वतंत्र कंपनी’ म्हणजे काय? तमाशाचा फड डोळ्यांसमोर आणा. एक मालक, रिंग वाहून नेणारा एक ट्रक, रात्रीच्या बोलीवर येणारे मल्ल, आणि भाड्याने घेतलेलं सभागृह. कधी ती शाळेची व्यायामशाळा असते, कधी निवृत्त सैनिकांच्या संघटनेचा हॉल. दोनशे-चारशे खुर्च्या. त्या रात्री दारावर जमलेल्या गल्ल्यातून हॉलचं भाडं, मल्लांची बिदागी, पेट्रोल, सगळं निघायचं. सोबत टी-शर्ट आणि फोटो विकून मल्ल चार पैसे मिळवायचे. खुर्च्या भरल्या की कमाई संपली. अडीचशेवी खुर्ची नसेल तर अडीचशेवं तिकीट विकता येत नाही. या धंद्याला पहिल्यापासून असलेली मर्यादा ती हीच.

ही मर्यादा ओलांडायचा प्रयत्न जुना आहे. मुष्टियुद्धवाल्यांनी आधी वाट काढली होती: लढत एका शहरात, पण दुसऱ्या शहरांतल्या थिएटरांमध्ये मोठ्या पडद्यावर ती थेट दाखवायची आणि तिथे तिकीट लावायचं. कुस्तीत १९८३ चं ‘स्टारकेड’ असंच दाखवलं गेलं, आणि ३१ मार्च १९८५ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेला पहिला ‘रेसलमेनिया’ही मुख्यतः याच पद्धतीने. मग केबल आली. घरचा फोन उचलायचा, केबल कंपनीला सांगायचं, आणि त्या रात्रीच्या खेळाची रक्कम महिन्याच्या बिलात चढायची. हे मूळचं पे-पर-व्ह्यू.

पण इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ही खिडकी कुस्ती कंपनीची नव्हती, केबलवाल्यांची होती. वसुली त्यांची, ग्राहक त्यांचा, ग्राहकाचा पत्ताही त्यांच्याकडेच. जमलेल्या रकमेतला मोठा वाटा, ढोबळ मानाने निम्मा, वाटेतच राहायचा आणि उरलेला काही महिन्यांनी हातात यायचा. शिवाय कुणाला खिडकी द्यायची आणि कुणाला नाही, हेही तेच ठरवायचे.

याचं ठळक उदाहरण १९८७ च्या नोव्हेंबरातलं. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या दिवशी जिम क्रॉकेट यांच्या कंपनीने ‘स्टारकेड’ केबलवर लावायचं ठरवलं. व्हिन्स मॅकमॅहन यांच्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, त्याच दिवशी ‘सर्व्हायव्हर सिरीज’ नावाचा नवा खेळ उभा केला आणि केबल कंपन्यांना सांगितलं की ‘स्टारकेड’ दाखवाल तर पुढचा ‘रेसलमेनिया’ मिळणार नाही. अगदी मोजक्याच केबल कंपन्या क्रॉकेटसोबत राहिल्या. मल्ल चांगले होते, प्रेक्षकही होते, पण खिडकी बंद झाली. वर्षभरात क्रॉकेटना कुस्तीचा धंदा विकावा लागला. कारणं आणखीही होती, पण हा घाव मोठा होता.

दुसरं उदाहरण आपल्या विषयाच्या जास्त जवळचं आहे. फिलाडेल्फियाच्या दक्षिण भागात एक जुना बिंगो हॉल होता. तिथे एक्स्ट्रीम चॅम्पियनशिप रेसलिंग, थोडक्यात ईसीडब्ल्यू, ही कंपनी खेळ करायची. पॉल हेमन हे तिचे सूत्रधार. खेळ रक्तबंबाळ, प्रेक्षक वेडे. केबलवर जाण्यासाठी त्यांची धडपड चालली होती. १९९६ च्या नोव्हेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या एका कार्यक्रमात १७ वर्षांचा एक अप्रशिक्षित मुलगा वय खोटं सांगून रिंगमध्ये उतरला आणि गंभीर जखमी झाला. प्रकरण बाहेर आलं तशी केबलच्या वितरक कंपनीने ईसीडब्ल्यूचा ठरलेला खेळ रद्द केला. चाहत्यांनी पत्रं आणि विनंत्या यांचा मारा केला, तेव्हा तो पुन्हा मंजूर झाला. शेवटी १३ एप्रिल १९९७ ला ‘बेअरली लीगल’ हा त्यांचा पहिला पे-पर-व्ह्यू त्याच बिंगो हॉलमधून देशभर गेला. प्रक्षेपण संपलं आणि काही क्षणांतच वीज गेली, असं त्या रात्री तिथे असलेली माणसं सांगतात. दोन-चार मिनिटं आधी गेली असती तर कंपनीचा निकाल तिथेच लागला असता.

चार वर्षांनी, एप्रिल २००१ मध्ये, ईसीडब्ल्यूने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या अर्जातले आकडे फार बोलके आहेत. देणी सुमारे ८९ लाख डॉलर. मालमत्ता साधारण १३ लाख ८५ हजार डॉलर. आता ही मालमत्ता कशाची? १९ हजार ५०० डॉलरचा एक फोर्ड ट्रक, ४ हजार डॉलरचा विक्रीचा माल, ५ लाख डॉलरचा चित्रफितींचा साठा, आणि जवळजवळ ८ लाख ६० हजार डॉलर ही केबलच्या वितरक कंपनीकडून आणि इतरांकडून यायची थकबाकी. म्हणजे कंपनीच्या एकूण मालमत्तेचा साठ टक्क्यांहून जास्त भाग हा दुसऱ्याच्या गल्ल्यात अडकलेला पैसा होता. थकबाकी वेळेवर आली असती तर कंपनी वाचली असती, असा दावा आम्ही करणार नाही, कारण देणी त्याच्या दहापट होती. पण खेळ आज होतो, मल्लाला पैसे आज द्यायचे असतात, आणि तारेवरच्या तिकिटाचे पैसे सहा महिन्यांनी येतात. ही विसंगती छोट्या कंपनीला कशी पोखरते, ते या कागदावर दिसतं.

यानंतरची पिढी हे पाहून शहाणी झाली होती. ईसीडब्ल्यूच्या खेळांच्या टेप विकणारी आरएफ व्हिडिओ नावाची एक कंपनी होती. ईसीडब्ल्यू बुडाली आणि तिचा सर्वांत खपणारा माल संपला. मग विकायला नवा माल हवा म्हणून २००२ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियात ‘रिंग ऑफ ऑनर’ सुरू झाली. आधी दुकान, मग त्या दुकानासाठी कुस्ती, असा उलटा क्रम. केबल नाही, टीव्ही नाही. हॉलमध्ये खेळ करायचा, चित्रीकरण करायचं, काही आठवड्यांनी डीव्हीडी काढायची आणि ती टपालाने पाठवायची. ग्राहकाचा पत्ता कंपनीकडे, पैसेही थेट कंपनीकडे. ब्रायन डॅनियलसन, सीएम पंक, समोआ जो ही पुढे गाजलेली नावं आधी या डीव्हीड्यांमधूनच घरोघरी गेली.

या व्यवस्थेत एक उणीव होती. खेळ शनिवारी झाला की रविवारी सकाळी निकाल सगळ्या जगाला ठाऊक व्हायचे. डीव्हीडी यायला मात्र महिना. निकाल ठरलेला असतो हे प्रेक्षकाला माहीत असतं, पण तो काय ठरलाय हे माहीत नसण्यातच सगळी गंमत. २००७ मध्ये रिंग ऑफ ऑनर केबलच्या पे-पर-व्ह्यूवर गेली, पण तेही चित्रीकरण करून. मे महिन्यात झालेला पहिला खेळ दिसला जुलैत. त्याला थेट खेळाची सर नाही.

तोपर्यंत घरोघरी ब्रॉडबँड आला होता. गोफाइटलाइव्ह नावाच्या संकेतस्थळावर छोट्या मुष्टियुद्धाच्या आणि मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढती पैसे घेऊन थेट दाखवल्या जायच्या. १९ डिसेंबर २००९ ला न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन सेंटरमधून रिंग ऑफ ऑनरने ‘फायनल बॅटल’ हा आपला पहिला थेट इंटरनेट पे-पर-व्ह्यू त्याच संकेतस्थळावर दाखवला. मुख्य लढत ऑस्टिन एरीज विरुद्ध टायलर ब्लॅक. ती पूर्ण साठ मिनिटं चालली आणि बरोबरीत सुटली. हाच टायलर ब्लॅक पुढे डब्ल्यूडब्ल्यूईत सेथ रोलिन्स म्हणून गाजला.

मग रांगच लागली. ड्रॅगन गेट यूएसए, इव्हॉल्व्ह, कॉम्बॅट झोन रेसलिंग, सगळे या वाटेने गेले. चिकारा ही मुखवटेवाल्या मल्लांची, विनोदी आणि चित्रकथेसारख्या गोष्टी रचणारी कंपनी. तिने १३ नोव्हेंबर २०११ ला ‘हाय नून’ हा पहिला थेट इंटरनेट खेळ केला, तोही ईसीडब्ल्यूच्याच त्या जुन्या बिंगो हॉलमधून. एडी किंग्स्टन त्या रात्री कंपनीचा पहिला ग्रँड चॅम्पियन झाला.

ही वाट एवढी मोहक का वाटली, ते एका साध्या हिशेबावरून कळेल. आकडे काल्पनिक आहेत, फक्त समजण्यासाठी घेऊ. हॉलमध्ये ५०० खुर्च्या, तिकीट २५ डॉलर, म्हणजे हॉल भरला तर साडेबारा हजार. आता तारेवरचं तिकीट १५ डॉलरला लावलं. जगभरात मिळून ६०० जणांनी घेतलं, तर आणखी ९ हजार. मध्यस्थाचा वाटा जाऊनही एक मोठा मल्ल आणता येईल एवढे पैसे उरतात. सहाशे हा आकडा टीव्हीच्या जगात हास्यास्पद आहे. या धंद्यात मात्र तेवढ्यावर वर्ष निघू शकतं. आणि हे सहाशे लोक कुठले? कुणी टेक्सासमधला, कुणी ग्लासगोतला, कुणी सिडनीतला. त्यांच्या गावात हा ट्रक कधीच पोचणार नव्हता.

पण खर्चही बदलले. डीव्हीडीसाठी दोन-तीन कॅमेरे पुरायचे, चुकलं तर संकलनात झाकायचं. थेट प्रक्षेपणात झाकायला जागा नाही. जास्त कॅमेरे, चांगले दिवे, थेट समालोचन, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हॉलमधून बाहेर जाणारं दमदार इंटरनेट. ते निवृत्त सैनिकांच्या हॉलमध्ये कुठून असणार? खेळाची घडणही बदलली. घड्याळ पाहून लढती लावायच्या, मध्यंतर आटोपशीर ठेवायचं, आणि मोठ्या लढती ‘थेट’ रात्रींसाठी राखून ठेवायच्या. मग बाकीच्या गावांत तुलनेने फिक्या रात्री जायच्या. दारावर तिकीट काढणाऱ्या जुन्या प्रेक्षकाला हे जाणवल्याशिवाय राहिलं नाही.

आता बिघाडाकडे येऊ. कॅमेऱ्यापासून प्रेक्षकाच्या पडद्यापर्यंतची साखळी पाहा. कॅमेरा, चित्रांची निवड करणारं यंत्र, चित्राचं इंटरनेटजोगं रूप करणारा संगणक, हॉलची लाइन, सर्व्हर, पैसे भरल्याची खात्री करणारी व्यवस्था, आणि शेवटी प्रेक्षकाचं स्वतःचं इंटरनेट. यातली एक कडी तुटली की पडदा काळा. त्यात सगळे ग्राहक एकाच क्षणी दारात येतात. दुकानात हजार गिऱ्हाइकं दिवसभरात येतात, इथे हजार जण रात्री साडेसात ते आठमध्ये येतात. पहिल्या लढतीच्या वेळी सर्व्हर बसला, तर तो नेमका गर्दीच्याच वेळी बसतो.

२०११ मध्ये सिंक्लेअर ब्रॉडकास्ट ग्रुप या टीव्ही केंद्रांच्या मोठ्या कंपनीने रिंग ऑफ ऑनर विकत घेतली. म्हणजे पाठीशी प्रसारणातलीच कंपनी होती. तरीही २०१२ च्या वसंतातल्या थेट प्रक्षेपणांत अडथळे आले. मग गोफाइटलाइव्ह सोडून त्यांनी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रक्षेपण सुरू केलं. तिथेही अडचणी संपल्या नाहीत, आणि २०१३ मध्ये थेट इंटरनेट विक्री थांबवावी लागली. बिघाड झाला की पैसे परत करायचे किंवा नंतर फुकट पाहायला द्यायचं, असा शिरस्ता होता. पण प्रेक्षकाने पैसे कुठल्या गोष्टीचे दिले होते? नुसत्या चित्राचे नव्हेत, ते तर डीव्हीडीवरही मिळत होतं. पैसे दिले होते ते त्या क्षणी हजर असण्याचे. तो क्षण परत करता येत नाही. दारावरच्या तिकिटात अशी वेळ क्वचितच येते. हॉलमध्ये दिवे गेले तर माणसं अंधारात बसून राहतात, शिट्ट्या मारतात, दिवे आले की खेळ पुढे सरकतो. घरी बसलेला माणूस एकटा असतो. तो पडदा बंद करतो आणि पुढच्या वेळी दहादा विचार करतो.

आणि मग इतिहासाची उलटी गंगा पाहा. २२ जून २०१४ ला नॅशव्हिलमधून रिंग ऑफ ऑनरने ‘बेस्ट इन द वर्ल्ड’ हा खेळ केबल आणि उपग्रहाच्या जुन्या पे-पर-व्ह्यूवर थेट दाखवला. केबलच्या थेट पे-पर-व्ह्यूवरचा हा तिचा पहिलाच खेळ. ज्या खिडकीला वळसा घालून इंटरनेटकडे धाव घेतली होती, त्याच खिडकीशी कंपनी परत आली. कारण ती खिडकी महाग असली तरी तिथला पडदा काळा होत नव्हता.

त्याच वर्षी आणखी मोठी घटना घडली. २४ फेब्रुवारी २०१४ ला डब्ल्यूडब्ल्यूईने आपलं ‘नेटवर्क’ सुरू केलं. महिन्याला ९.९९ डॉलर, आणि त्यात दर महिन्याचा मोठा खेळ, रेसलमेनियासुद्धा, शिवाय जुन्या खेळांचा प्रचंड साठा. डिसेंबरात न्यू जपान प्रो-रेसलिंगने ९९९ येनच्या मासिक वर्गणीवर स्वतःची सेवा उघडली. आता छोट्या कंपनीची पंचाईत पाहा. काल एका मोठ्या खेळाला पन्नास-साठ डॉलर पडत होते तेव्हा पंधरा डॉलर स्वस्त वाटायचे. आज दहा डॉलरमध्ये महिनाभराची कुस्ती मिळू लागली आणि तेच पंधरा डॉलर महाग झाले. खेळ तोच, मल्ल तेच, किंमतही तीच. बदलली ती प्रेक्षकाच्या मनातली तुलना.

म्हणून एकेका रात्रीचं तिकीट मागे पडून वर्गणीच्या सेवा पुढे आल्या. २०१६ मध्ये फाइट नावाची सेवा आली. ती एकेक खेळही विकायची. २०१७ मध्ये पॉवरबॉम्ब डॉट टीव्ही आली, तिचं पुढे ‘इंडिपेंडेंट रेसलिंग टीव्ही’ झालं. २०१६ च्याच अखेरीस फ्लोस्पोर्ट्स या कंपनीने फ्लोस्लॅम नावाची सेवा काढून इव्हॉल्व्ह चालवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएनशी मोठा करार केला. वर्षभरात प्रकरण न्यायालयात गेलं. करार करताना दाखवलेले ऑनलाइन विक्रीचे आकडे फुगवलेले होते असा फ्लोस्पोर्ट्सचा आरोप होता, डब्ल्यूडब्ल्यूएनने तो फेटाळला. फ्लोस्लॅम त्याच वर्षी बंद पडली. कोण बरोबर, हे ठरवणं आपलं काम नाही. पण भांडण कशावरून झालं ते लक्षात घ्या. हॉलमधली डोकी कुणीही मोजू शकतं, तारेवरची डोकी ज्याच्याकडे सर्व्हर आहे तोच मोजतो. बाकीच्यांना विश्वास ठेवावा लागतो. मल्लालाही.

मल्लाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू. या कंपन्यांतला मल्ल बहुधा रात्रीच्या ठरलेल्या बिदागीवर येतो. दोनशे लोकांनी पाहिलं काय आणि दोन हजारांनी काय, बिदागी तीच. आरोग्य विम्याची सोय त्याची त्याने करायची. चित्रीकरण मात्र कंपनीचं, आणि ते पुन्हा पुन्हा विकता येतं. कंपनी बुडाली तरी तो साठा राहतो, आणि गिऱ्हाईक त्यालाच मिळतं. ईसीडब्ल्यूचा साठा डब्ल्यूडब्ल्यूईकडे गेला. जुलै २०१९ मध्ये इव्हॉल्व्हचा खेळ डब्ल्यूडब्ल्यूई नेटवर्कवर थेट दाखवला गेला, तोही फिलाडेल्फियाच्या त्याच हॉलमधून. वर्षभराने, २०२० च्या जुलैत, डब्ल्यूडब्ल्यूईने इव्हॉल्व्ह आणि तिचा सगळा साठाच विकत घेतला. मार्च २०२२ मध्ये ऑल एलिट रेसलिंगचे टोनी खान यांनी रिंग ऑफ ऑनर साठ्यासकट घेतल्याचं जाहीर केलं. एका रात्रीसाठी विकलेला खेळ कायमचा माल झाला, आणि ज्याची पाठ त्यात आपटली होती त्याला त्या मालात सहसा वाटा नव्हता.

मग हे सगळं फसलं, असं म्हणायचं का? तसंही नाही. २०१७ मध्ये ट्विटरवर कुणीतरी कुस्तीचे पत्रकार डेव्ह मेल्ट्झर यांना विचारलं, रिंग ऑफ ऑनर दहा हजारांचं सभागृह भरू शकेल का? इतक्यात नाही, अशा अर्थाचं उत्तर आलं. कोडी रोड्स या मल्लाने ते आव्हान घेतलं. यंग बक्स ही भावांची जोडी आणि तो, अशा तिघांनी स्वतःचे पैसे घालून १ सप्टेंबर २०१८ ला शिकागोजवळ ‘ऑल इन’ हा खेळ केला. दहा हजारांवर तिकिटं अर्ध्या तासात संपली, आणि प्रत्यक्षात ११,२६३ लोक आले. खेळ केबलवर गेला आणि फाइटवरही गेला. या तिघांचा प्रेक्षक तयार कसा झाला होता? वर्षानुवर्षं छोट्या हॉलमधल्या, तारेवरून जगभर गेलेल्या लढतींमधून, आणि यूट्यूबवरच्या त्यांच्या फुकट मालिकेतून. तारेवरच्या तिकिटाने त्यांना थेट श्रीमंत केलं नाही, पण दूरदूरचा माणूस त्यांच्या दारापर्यंत आणला. दुसऱ्या वर्षी यातूनच ऑल एलिट रेसलिंग उभी राहिली. पण त्या रात्रीही तारेने आपला हिसका दाखवलाच. आधीच्या लढती लांबल्या, पे-पर-व्ह्यूची वेळ संपत आली, आणि सहा नामांकित मल्लांची शेवटची लढत जेमतेम बारा मिनिटांत उरकावी लागली.

याच्या अगदी उलट एक नमुना आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात सहा मल्लांनी २००३ मध्ये काढलेली प्रो रेसलिंग गरिला ही कंपनी. रेसेडा या भागात माजी सैनिकांच्या छोट्या हॉलमध्ये तिचे खेळ व्हायचे. त्या उमेदीच्या काळात बाकीचे थेट प्रक्षेपणामागे धावत असताना ती डीव्हीडीवरच राहिली. तिकिटं पटापट संपायची, लोक लांबून विमानाने यायचे. ‘इथे असलात तरच दिसेल’ हेच तिचं भांडवल होतं. म्हणजे तारेवर न जाणं हाही एक धंद्याचा निर्णय असू शकतो.

२०२० मध्ये करोना आला आणि दारावरचं तिकीटच बंद झालं. रेसलमेनियाच्या आठवड्यात त्याच शहरात छोट्या कंपन्यांचे खेळ भरतात, जत्रेभोवती दुकानं लागतात तसे. गेम चेंजर रेसलिंग या कंपनीने त्या एप्रिलात टँपा इथे योजलेली ‘द कलेक्टिव्ह’ ही खेळांची मालिका पुढे ढकलून ऑक्टोबरात इंडियानापोलिसला घेतली. मधल्या काळात कित्येकांना रिकाम्या हॉलमधून, मोकळ्या मैदानातून खेळ दाखवून तारेवरच्या तिकिटावर गुजराण करावी लागली. त्याच वर्षी आपल्याकडे नाट्यगृहं बंद असताना मराठी नाटकवाल्यांनीही तिकीट लावून घरबसल्या प्रयोग दाखवले, ते आपल्याला आठवत असेल. अनुभव सारखाच होता. प्रयोग पोचतो, पण टाळी परत येत नाही. कुस्तीत टाळी ही निम्मी लढत असते. मल्ल पुढचा डाव कधी टाकायचा हे प्रेक्षकाच्या आवाजावरून ठरवतो. आवाज नसला की लढत तालमीतल्या सरावासारखी दिसते, आणि सरावाला कोण पैसे देणार? हॉल उघडले तसे लोक परतले. २३ जानेवारी २०२२ ला याच गेम चेंजर रेसलिंगने न्यूयॉर्कचं हॅमरस्टीन बॉलरूम भरवलं. बारा वर्षांपूर्वी रिंग ऑफ ऑनरचा पहिला थेट इंटरनेट खेळ झाला तो मॅनहॅटन सेंटरच्याच इमारतीत.

तर या सगळ्याचा मथितार्थ काय? आमच्या मते असा. तारेवरचं तिकीट दारावरच्या तिकिटाची जागा घेऊ शकलं नाही, ते त्याच्या जिवावरच चाललं. घरचा माणूस पैसे देतो तो भरलेल्या, ओरडणाऱ्या हॉलकडे पाहण्याचे. आणि मध्यस्थ गेला असं वाटलं तरी तो गेला नव्हता. केबलच्या जागी संकेतस्थळ आलं, संकेतस्थळाच्या जागी वर्गणीची सेवा आली. प्रत्येक वेळी खिडकी दुसऱ्या कुणाचीतरी होती.

हा प्रश्न आता आपल्याही दारात आहे. आज महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जत्रेतली कुस्ती मैदानं यूट्यूबवर थेट दिसतात, बहुतेक फुकट. आपल्या मैदानाचं अर्थकारण वेगळं आहे, ते वर्गणीवर आणि इनामावर चालतं. पण उद्या कुणी त्याला तिकीट लावायचं म्हटलं, किंवा एखाद्या फडाला, एखाद्या नाटक कंपनीला ही वाट धरावीशी वाटली, तर करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. पैसे कोण गोळा करतो आणि आपल्या हातात कधी देतो? प्रेक्षकाचं नाव-पत्ता आणि खरा आकडा कुणाकडे राहतो? आणि चित्रीकरण दहा वर्षांनी कुणाच्या मालकीचं असेल, त्यात मातीत उतरणाऱ्याचा वाटा किती? ईसीडब्ल्यूच्या अर्जातले ८ लाख ६० हजार डॉलर पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतात, फ्लोस्लॅमचा दावा दुसऱ्याचं, आणि विकले गेलेले साठे तिसऱ्याचं. ते प्रश्न तिकडे फार उशिरा विचारले गेले. आपल्याकडे अजून वेळ आहे.